समासातले नंबर

समासात नंबर नव्हता.

मास्तरने पान उलटलं, मागचं पाहिलं, पुढचं पाहिलं. चष्मा कपाळावर चढवला आणि परत नाकावर आणला. तीस वर्षं वर्गापुढे उभा राहिलेला माणूस, बोलता बोलता अडखळायची त्याला सवय नव्हती. संग्रहालयाच्या बाई अठ्ठ्याऐंशी नंबरचा फोटो हातात धरून त्याच्याकडे बघत होत्या.

"असेल, असेल," तो म्हणाला. "आप्पांनी एकही घर सोडलेलं नाही. मजकुराच्या शेजारी, बाहेरच्या समासात, पेन्सिलने गोल करून नंबर. तोच नंबर फोटोच्या पाठीवर. फोटोवरून वहीत जायचं, वहीतून फोटोवर यायचं. एकदा समजलं की पोरखेळ आहे हो."

त्याने दुसरा खंड उघडला. मग तिसरा.

मास्तरचा थोरला भाऊ आपल्या दुकानात कटिंग मशीनला टेकून उभा होता. साऱ्या गल्लीत त्याला बाइंडर म्हणत, घरात दादा. सकाळपासून तो एकाच गोष्टीची वाट बघत होता, की कोणीतरी म्हणावं, वा, काय बांधलंय! आप्पांच्या तेवीस वह्यांचे सहा खंड त्याने तीन आठवडे खपून बांधले होते. हाताची शिवण, कापडी पाठ, पाठीवर सोनेरी अक्षरं. सांगितलं होतं फक्त बायकोला. आज बाई येणार, फोटो टेबलावर पसरले जाणार, तेव्हा मधोमध हे सहा खंड मांडायचे आणि गप्प उभं राहायचं, असा साधा बेत.

आणि वह्या तरी कशा होत्या! तीस वर्षांत दुकानात मिळेल ती घेतलेली. एक लांब, एक आखूड, एक रुंद. कडा कुरतडलेल्या, कोपरे दुमडून दुमडून पानं कापसासारखी मऊ झालेली. अशा वह्या एकत्र बांधायच्या तर सगळ्यात लहान वहीच्या मापाला बाकीच्या आणाव्या लागतात. कोणत्याही बाइंडरला विचारा, तो हेच सांगेल. वरून, खालून आणि बाहेरून काप मारायचा, की गठ्ठा कसा चकचकीत निघतो. त्याच्या उस्तादाने पहिल्याच महिन्यात दोन गोष्टी शिकवल्या होत्या. एक, वाचत बसणारा बाइंडर उपाशी मरतो. दोन, काठावरच्या लिखाणासाठी सुरी थांबत नसते. काठावर असतं काय, कुणाचा पत्ता, नाहीतर पोराने काढलेला कावळा.

मास्तरने चौथा खंड उघडला तेव्हा बाइंडरला कळलं. मशीनचा दांडा त्याने घट्ट धरला.

"काय झालं?" खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या आप्पांनी विचारलं. "आवाज का बंद झाले?"

आप्पांना आता उजेड आणि अंधार एवढंच दिसत होतं. कान मात्र अजून शाबूत होते. त्यांच्या शेजारी त्यांची मुलगी छोटी बसली होती. एकसष्ट वर्षांची, रुग्णालयातून मोठी नर्स म्हणून निवृत्त झालेली, तरी घरात छोटीच. आप्पा तिच्याकडेच राहत.

"काही नाही आप्पा," ती म्हणाली. "चहा येतोय."

*

मागच्या खोलीत कागदाच्या रिमांमध्ये चौघांना उभं राहायला जेमतेम जागा होती. मास्तरने दार लावून घेतलं.

"दादा, तू कापलंस?"

"हो."

"किती?"

"बाहेरून बोटभर. मोठ्या वह्यांना दोन बोटं."

"बोटभर!" मास्तरने डोक्याला हात लावला. "अरे, त्या बोटभर कागदात अख्खं गाव होतं!"

हे खरंच होतं. धरणाचं पाणी चढायच्या आधीची दोन वर्षं, पोस्टातले कारकून असलेले आप्पा रोज काम सुटलं की डबा-कॅमेरा गळ्यात अडकवून दारोदार गेले होते. प्रत्येक घरचं कुटुंब उंबऱ्यावर उभं करून एक फोटो. चारशे बारा घरं, चारशे बारा फोटो. जो आधी गाव सोडणार त्याचा फोटो आधी, म्हणून नंबरांना ना गल्लीचा क्रम ना आळीचा. मग नव्या गावी आल्यावर तीस वर्षं त्यांनी वह्या भरल्या. त्या मात्र गल्लीवार. कोण कुठून आलं, कोणी काय केलं, कोणाचं कोणाशी जमत नव्हतं, सगळं. पण या फोटोतली माणसं ती हीच, हे सांगणारी एकच गोष्ट होती, समासातला गोल केलेला नंबर. आता फोटो होते, हकिगती होत्या, नावंही होती. चेहरा कोणाचा ते गेलं होतं.

"मला काय माहीत ते नंबर..." बाइंडर म्हणाला.

"माहीत नाही? बाप जन्मभर लिहीत होता आणि तुला माहीत नाही? एकदा उघडून वाचायचंस तरी!"

"मी कामाचं वाचत नाही."

"हे काम होतं? हे काम होतं का दादा?"

"ओरडू नका भावोजी," बाइंडरची बायको म्हणाली. ती दाराला पाठ लावून उभी होती. "आप्पांना ऐकू येतं. आणि एवढं तोंड सुटलंय म्हणून विचारते, त्या यादीचं काय झालं? बारा वर्षांपूर्वी कोण म्हणालं होतं, मी नंबर आणि नावं कॉम्प्युटरवर चढवतो? या सुट्टीत करतो, त्या सुट्टीत करतो. किती सुट्ट्या आल्या नि गेल्या!"

"मी यादी केली नाही म्हणून वह्या कापायच्या?"

"केली असतीत तर कापल्या तरी भागलं असतं."

छोटी रिमांच्या थप्पीवर बसली. मग वहिनीचाच आवाज खाली आला.

"मला दिसले होते आकडे," ती म्हणाली. "झाडताना. पट्ट्यांवर गोल गोल आकडे. मी विचारलं होतं ना हो तुम्हाला, हे काय आहे? तुम्ही म्हणालात, काही नाही, भर पोत्यात."

बाइंडरला आठवलं. तो तेव्हा शिवण घालत होता. मान वरसुद्धा केली नव्हती.

"पोतं कधी गेलं?" छोटीने विचारलं.

"अकरा दिवस झाले."

"मग जा की! उभा काय राहिलायस?"

*

रद्दीवाल्याचं दुकान दोन चौक पलीकडे होतं. बाइंडर चपला घालायला विसरला आणि अर्ध्या वाटेत ते लक्षात आलं, तरी मागे फिरला नाही.

"कातरण?" रद्दीवाला म्हणाला. "पांढरी कातरण माझ्याकडे थांबत नाही शेठ. गठ्ठा बांधला की कागद गिरणीत. दुसऱ्या दिवशी लगदा. काय राहिलं होतं त्यात? सोनं?"

"आकडे."

रद्दीवाल्याने त्याच्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि चेष्टा गिळली. "मागे चार पोती पडलीत. बघा हवं तर. पण मी सांगतो, तुमची नाहीत ती."

बाइंडरने चारही पोती जमिनीवर ओतली. गुडघे टेकून बसला आणि मूठ मूठ वेचून बघू लागला. कोणाच्या परीक्षेचे कागद, लग्नपत्रिकांच्या कडा, औषधाच्या खोक्यांचे तुकडे. एका पट्टीवर पेन्सिलचा गोल दिसला आणि त्याने ती उजेडात धरली. तो कुठल्याशा पोराने काढलेला चेंडू होता. पाऊण तास तो तिथे होता. रद्दीवाल्याने मधे पाणी आणून दिलं, ते तसंच राहिलं.

परत येताना तो सावकाश आला. पाण्याने घरं नेली होती, असा हिशोब त्याच्या डोक्यात चालला होता. रस्ते नेले, विहिरी नेल्या, शाळा नेली. माणसं नव्हती नेली. माणसं आप्पांनी एकेक करून उंबऱ्यावर उभी करून वाचवली होती. ती मी नेली. सत्तावन्न वर्षांनी, एवढ्या प्रेमाने, धार लावलेल्या सुरीने.

आणि प्रेमाने म्हणायला तरी तोंड होतं का? आप्पांनी त्याला कितीदा हाक मारली होती. दिसत होतं तोवर दर रविवारी. "ये, बस. तुला चेहरे सांगतो. तू नऊ वर्षांचा होतास, तुला आठवेल. या दोघांना ते गाव ठाऊक नाही. छोटी चार वर्षांची, मास्तर तर जन्मालाही आला नव्हता." आणि हा म्हणायचा, काम आहे आप्पा. काम नसायचं. शाळेत असताना पाढे म्हणताना आप्पा समोर बसायचे आणि चुकलं की दोनच शब्द बोलायचे, "चूक. पुढे." इतिहास, गणित, शुद्धलेखन, सगळीकडे चूक, पुढे. शाळा सोडून तो बाइंडरकडे लागला तेव्हा आप्पा शेजाऱ्याला म्हणाले होते, आम्ही पोराला पुस्तक वाचायला शिकवलं, हा पुस्तकाच्या पाठीला खळ लावतो. त्याने ते ऐकलं होतं. पन्नास वर्षं जपून ठेवलं होतं. म्हणूनच तर हे सहा खंड. आप्पांच्या शब्दांवर एकदा तरी आपला हात फिरावा आणि तो हात चुकू नये. करायला गेलं एक आणि झालं भलतंच.

*

तो आला तेव्हा बाईंनी फोटो ओळीने मांडले होते. छापील पानांचे फॉर्मे मांडायचं लांब टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत चेहऱ्यांनी भरलं होतं. सगळे जण उंबऱ्यावर, सगळे सरळ कॅमेऱ्यात बघणारे, सगळ्यांची दारं एकसारखी.

"मी स्पष्ट बोलते," बाई म्हणाल्या. त्या कठोर नव्हत्या, उलट आवाज जरा ओलाच होता. "धरणाकाठच्या दालनाची भिंत मी या फोटोंसाठी रिकामी ठेवलीय. नाव आणि हकिगत असेल तो फोटो भिंतीवर. नसेल तो 'अनोळखी' म्हणून खोक्यात, गोदामात. मीच एकटी ठरवते असं नाही, तसा नियमच आहे."

"लोक येतील, ओळखतील," मास्तर म्हणाला.

"वीस गावांत पांगलेत हो. ज्यांना हे चेहरे ठाऊक होते ते आता किती उरलेत? दहा-बारा जुळतील. हकिगतीतल्या खुणांवरून आणखी वीसेक. मला पाचच्या आत निघायचंय. यादी आज द्यायची आहे."

सगळ्यात लहान वहीत नऊ ठिकाणी गोलाची आतली कड उरली होती. बाई भिंग घेऊन बसल्या होत्या. त्यातले सहा आकडे वाचता आले. चारशे बारातले सहा.

तेवढ्यात मास्तरने टाळीच वाजवली. "अरे, आपण येडे आहोत! वही कशाला हवी? आप्पा बसलेत की समोर! नंबर सांगितला की माणूस सांगतात. लहानपणी पाहुणे आले की हाच खेळ असायचा, आठवतं ना दादा? हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

बाइंडरच्या अंगात जीव आला. खरंच की! पाहुणे फोटो उलटा धरून नंबर वाचायचे आणि आप्पा न बघता घडाघडा सांगायचे. एकदाही अडत नसत.

"नको," छोटी म्हणाली. "दमतील ते."

"दमले तर थांबू."

"नको म्हणते ना मी."

"छोटे," बाइंडर म्हणाला, आणि सकाळपासून प्रथमच तो मास्तरच्या शेजारी जाऊन उभा राहिला. "मी पाया पडतो तुझ्या. एकदा विचारू दे."

छोटीने दोघा भावांकडे पाहिलं. मग ती आप्पांच्या खुर्चीजवळून उठली आणि बाजूला झाली.

मास्तर खुर्ची ओढून समोर बसला. "आप्पा, खेळ खेळायचा? अठ्ठ्याऐंशी."

आप्पा हसले. दात नसलेलं तोंड भरून हसले. "दाई. बुटकी, उंबऱ्यावर बसलेली. मी म्हटलं उभी राहा, तर म्हणाली, जन्मभर वाकून काम केलं, आता फोटोसाठी सरळ होऊ? निम्म्या गावाची नाळ तिने कापली."

बाईंनी फोटो वर धरला. उंबऱ्यावर बसलेली बुटकी म्हातारी. वहिनीने तोंडावर हात दाबला. बाई भराभर लिहू लागल्या.

"एकशे चाळीस!"

"घड्याळवाले दोघे भाऊ. बोलत नव्हते एकमेकांशी. एका फोटोत यायला तयार नाहीत. शेवटी एक दारात उभा राहिला नि एक खिडकीत. मी म्हटलं, चला, घर तर एकच आहे."

फोटोत एक दारात होता आणि एक खिडकीत. मास्तरने बाइंडरच्या पाठीत थाप मारली. बाइंडर रडत होता आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती. चारशे बारा. चार तास लागतील, लागू देत. बाईंना थांबवून घेऊ, हाता-पाया पडू.

"दोनशे तीन, आप्पा."

"दोनशे तीन," आप्पा म्हणाले. "दोनशे तीन म्हणजे... दाई. बुटकी. मी म्हटलं उभी राहा..."

फोटोत एक तरुण जोडपं होतं. बाईच्या कडेवर मूल.

"आप्पा, ती अठ्ठ्याऐंशी. दोनशे तीन."

"हां, हां. चूक. दोनशे तीन घड्याळवाले. भाऊ भाऊ. बोलत नव्हते."

"पंधरा?" मास्तरचा आवाज बदलला होता.

आप्पांचे ओठ हलले. खुर्चीच्या हातावर बोटं फिरू लागली. "पंधरा. थांब. पंधरा मला येतो. दाई ना?"

छोटी पुढे आली आणि तिने मास्तरच्या खांद्यावर हात ठेवला. "बस झालं," ती हळूच म्हणाली. "दीड वर्ष झालं. दाई आणि घड्याळवाले, दोनच राहिलेत. बाकी सगळे गेले."

"आणि तू बोलली नाहीस?" मास्तर तितक्याच हळू म्हणाला. "दीड वर्ष? तेव्हा सांगतीस तर मी वह्या घेऊन बसलो नसतो?"

"तू? बारा वर्षांत बसला नाहीस तो?" छोटीचे डोळे भरले होते. "सांगितलं असतं तर तुम्ही दोघांनी ठरवलं असतं, यांना कुठेतरी ठेवू या. मी पन्नास म्हाताऱ्यांना तसं ठेवलेलं पाहिलंय. मला वाटलं, वह्या आहेत. वह्या असल्या की त्यांचं डोकं गेलं तरी चालेल."

"काय कुजबुज चाललीय?" आप्पांनी विचारलं. ते घाबरले होते. आवाज चिरका झाला होता. "मला सगळे नंबर येतात. आज जरा... अरे, मग वहीत बघा ना! मला माहीत होतं, एक दिवस माझं डोकं दगा देणार. म्हणून तर समासात लिहून ठेवलं. बघा वहीत. वह्या कुठायत?"

मास्तर खिडकीबाहेर बघू लागला. बाईंनी पेनाचं टोपण लावलं. सगळ्यांनी वाट बघितली, आणि बोलायचं कोणी हे न सांगता ठरलेलंच होतं.

"आहेत आप्पा," बाइंडर म्हणाला. "बघतो."

*

पुढचे दोन तास बाइंडर टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिला. जुनं गाव आठवणारे डोळे आता त्याचेच तेवढे उरले होते. एकेक फोटो उचलायचा, धरायचा, ठेवायचा. शेवटचा, चारशे बारावा, त्याने लगेच ओळखला. त्यांचंच घर. आई, तिच्या कडेवर छोटी, आणि बाजूला नऊ वर्षांचा तो स्वतः, कपाळाला आठ्या घालून. आप्पा अर्थात नव्हते. ते कॅमेऱ्यामागे होते. शिंपी ओळखला. शाळेचा शिपाई. पिठाच्या गिरणीची मालकीण. असे सात.

मग एका फोटोवर तो थबकला. दोन आजोबांच्या मधे एक पोरगा, पुढचा दात पडलेला.

"याच्याबरोबर मी खेळायचो," तो म्हणाला. "रोज. पाण्याच्या टाकीमागे. याने मला पोहायला शिकवलं."

"नाव?" बाईंनी विचारलं.

तो बघत राहिला. तो हसणारा पोरगाही त्याच्याकडे बघत राहिला. नाव जिभेवर येतंय असं वाटलं, मग तसंही वाटेना.

"नाही आठवत."

बाईंनी तो फोटो हलकेच त्याच्या हातातून घेतला आणि खोक्यात ठेवला.

पावणेपाचला त्यांनी मोजलं नाही, फक्त दोन्हींकडे एकदा पाहिलं. भिंतीवरचे एका पातळ पाकिटात मावले होते. बाकी तीन खोक्यांत. खोक्यांवर चिकटपट्टी लावून बाईंनी जाड अक्षरात 'अनोळखी' असं लिहिलं. हे लिहिताना त्यांनी पाठ फिरवली, तेवढं सौजन्य दाखवलं.

"खंड पुढच्या आठवड्यात नेते," दारात त्या म्हणाल्या. आणि काहीतरी चांगलं बोलावं म्हणून बोलल्या, "बाइंडिंग फार सुंदर झालंय हो. असं काम आता बघायला मिळत नाही."

मास्तर त्यांना सोडायला गेला आणि परत आला नाही. निघताना म्हणाला नाही की येतो. पण दाराशी थांबून त्याने आपल्या वहिनीला एवढंच सांगितलं, "यादी मी करायला हवी होती." वहिनी म्हणाली, "आता कशाला?" दोघांनाही राग असा उरला नव्हता. बैल गेल्यावर झोपा कोणी करायचा, यावर कोण भांडणार?

छोटी गाडी बोलवायला बाहेर गेली. वहिनी कप विसळायला वर गेली. दुकानात आप्पा आणि बाइंडर दोघेच उरले. खिडकीतून उन्हाचा शेवटचा तुकडा मशीनवर आला होता. पातं स्वच्छ होतं. त्याने ते नेहमीच्या सवयीने कालच पुसून ठेवलं होतं.

"कोण आहे?" आप्पा म्हणाले.

"मी आप्पा. दादा."

"वह्या सापडल्या?"

बाइंडरने पहिला खंड उचलला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. आप्पांची बोटं कापडी पाठीवरून फिरली, सोनेरी अक्षरांच्या खाचांत थांबली, मग काठावर आली. गुळगुळीत काठावरून अंगठा त्यांनी वरपासून खालपर्यंत फिरवला. परत एकदा फिरवला. सांगून टाकावं. आत्ताच सांगावं. आप्पा, मी कापले. मारायचं तर मारा.

"ही माझी वही नाही," आप्पा म्हणाले. "माझ्या वह्या फाटक्या होत्या."

"मी बांधल्या आप्पा."

"तू?" त्यांनी काठ पुन्हा चाचपला. "हं. हात साफ आहे तुझा." आणि खंड त्याच्याकडे सरकवला. "वाच."

"मी?"

"मग कोण? मला दिसतं का? वाच."

बाइंडर स्टूल ओढून बसला. पन्नास वर्षांत त्याने हजारो पुस्तकं बांधली होती आणि बांधताना एकही वाचलं नव्हतं. त्याने मधलंच एक पान उघडलं आणि मोठ्याने वाचू लागला, अडखळत, शाळेतल्यासारखं. उतारावरचं तिसरं घर. बायको आधी वारली, नवऱ्याने दोन मुलींना एकट्याने वाढवलं. मोठी गाणं छान म्हणायची. सामान गाडीत चढल्यावर धाकटी परत घरात पळाली आणि तिने दाराची कडी लावून घेतली. तासभर समजावलं तेव्हा उघडलं. त्या टेबलावरच्या चारशे चेहऱ्यांत त्या दोघी कुठेतरी होत्या. आज दिवसभरात त्याने त्या हातात धरल्याही असतील.

"थांब," आप्पा म्हणाले. मान तिरकी करून, कान त्याच्याकडे करून, जसे ते पाढे ऐकताना बसायचे तसे. "नंबर वाचला नाहीस. समासात बघ. कितवा?"

बाइंडरने समासात पाहिलं. शेवटचं अक्षर संपत होतं तिथेच कागद संपत होता.

"कितवा?"

"एकशे त्र्याऐंशी," बाइंडर म्हणाला. जो तोंडाला आला तो आकडा.

आप्पांनी डोळे मिटले. चेहऱ्यावरची भीती हळूहळू निवली. त्यांनी मान डोलावली.

"बरोबर," ते म्हणाले. "पुढे."